लागली का लावली

माणिकअण्णा गेल्याचं मला पेपरातून कळलं नाही. हुमनाबादहून कलबुर्गीला येणाऱ्या गाडीचा कंडक्टर आमच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला होता. मला वाटलं, पोराचं नाव घालायला आला असेल. हातात खडू तसाच घेऊन मी वर्गाबाहेर आले. तो म्हणाला, "बाई, आमचे पेपरवाले अण्णा गेले. वैनींनी निरोप दिलाय, बाईला सांगितल्याबिगर गाडी परत आणू नको म्हून." मग त्यानंच पुढं सांगितलं, "सकाळी च्या पिले, पेपर वाचायलते... वाचता वाचताच मान खाली गेली." त्याच गाडीनं मी निघाले. वाटेत तो तिकिटं फाडत होता आणि माझ्याजवळ आला की तेवढ्यापुरता आवाज खाली आणत होता. कितीतरी वर्षं अण्णांच्या बातम्यांची पाकिटं अशाच कंडक्टरांनी इकडून तिकडं पोचवली. त्यांच्या जाण्याची बातमीही तशीच, कंडक्टरच्या तोंडून आली. मी पोचले तेव्हा माणसं परत फिरत होती.

पुढं एका पेपरात त्यांच्यावर चार ओळी आल्या. नाव बरोबर होतं, गाव चुकलं होतं. मी तो पेपर अण्णांच्या बायकोला, शेवंतावैनीला दाखवला, तर ती म्हणाली, "ते असते तर म्हणाले असते, लागली ना? झालं तर!" आणि पदर तोंडाला लावून हसली. हसता हसता रडायला लागली. ज्या शब्दानं अण्णांना अर्धं आयुष्य छळलं, तो तिच्या तोंडून इतक्या सहज आला... मला तर तो उच्चारायला आजही जड जातं.

पेपरच्या धंद्यात बातमी छापून आली की 'लागली' म्हणतात. हे मला हुमनाबादला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. मी तिथल्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले, तेव्हा आमचं राज्य अजून म्हैसूर होतं. एकट्या बाईला कुणी खोली देत नव्हतं. नवरा कुठाय, भाऊ कुठाय, जात कोणती, एवढं विचारून झाल्यावर दार लागायचं. बसस्टँडवर वह्या, पेन आणि पेपर विकणारा एक उंच, किडकिडीत माणूस माझी ही पायपीट बघत होता. एक दिवस तोच म्हणाला, "अक्का, आमच्या घरी एक खोली हाय. पण आधीच सांगतो, आमी बौद्ध हाव. घरी इचारून घ्या." माझं माहेर मादन हिप्परग्याचं, धनगराचं. मी न विचारताच खोली घेतली आणि मग वडलांना कळवलं. ते तातडीनं आले. अंगणात घोंगडं टाकून बसले. शेवंतावैनीनं त्यांच्यापुढं तांब्या-फुलपात्र ठेवलं. वडील त्या तांब्याकडं बराच वेळ बघत होते. मी दारात उभी, वैनी चुलीजवळ, आणि अण्णा काहीच न झाल्यासारखे सायकलची साखळी पुसत होते. शेवटी वडलांनी पाणी प्यायलं. जाताना मला म्हणाले, "पानी गोड हाय. ऱ्हा हितंच."

अण्णा सोलापूरच्या एका दैनिकाचे वार्ताहर होते. हमरस्त्यावरून येणाऱ्या गाडीच्या टपावर पेपरचा गठ्ठा यायचा. गाडी दिसली की ते टपरी सोडून धावत सुटायचे, सुतळी दातानं तोडायचे आणि विकायच्या आधी स्वतः पानं चाळायचे. स्टँडवरची माणसं लांबूनच विचारायची, "अण्णा, लागली का?" विहिरीचं काम अडलेला शेतकरी, पोराच्या कुस्तीची बातमी दिलेला बाप, पेन्शन तटलेली म्हातारी... सगळ्यांचा तोच प्रश्न. वैनी चिडून म्हणायची, "ह्यांला घरात भूक लागत न्हाई, तहान लागत न्हाई. निस्ती बातमी लागती."

हळ्ळीखेडचे एक म्हातारे मेंढके होते, आमच्याच नात्यातले. त्यांच्या मेंढरांना रोग पडला आणि जनावरांचा डॉक्टर काही केल्या येईना. अण्णा सायकलवर तिकडं गेले, मेलेली कोकरं स्वतः बघून आले, आणि बातमी पाठवली. ती छापून आली त्या दिवशी म्हातारबा योगायोगानं स्टँडवर होते. अण्णा गाडीपासूनच ओरडले, "मामा, तुमची लागली की हो!" म्हातारा जागच्या जागी थिजला. "कुणाला लागली? लई लागली का?" त्याला वाटलं, आपल्या पोरानं गोफण फिरवली आणि दगड कुणाच्या तरी डोक्याला लागला. सगळा स्टँड हसला. अण्णा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी म्हाताऱ्याला बाकावर बसवलं, त्याचं बोट धरून छापील नावावरून फिरवलं. "हितं लागली, मामा. हितं." म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "आता डाक्टर येतंय का?" अण्णा म्हणाले, "येतंय." आणि डॉक्टर खरोखर आला! त्या संध्याकाळी अण्णा लहान मुलासारखे घरात फिरत होते. त्यांचे वडील दीक्षा घेऊन गावकीची कामं सोडलेले, घरात पहिलं पुस्तक अण्णांनीच आणलेलं. छापलेल्या अक्षराला माणसं मान देतात, यावर त्यांचा तेव्हा फार भरवसा होता.

राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. वैनीचं माहेर तालुक्यातल्याच एका गावचं. त्या गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. वैनीच्या मामीनं, काशीमामीनंच मला सांगितलंय, "गाव समदं वाईट न्हाई, बाई. गावाचं नाव कामून खराब करायलीस?" वस्तीतल्या काही घरांना सरकारनं गायरानातली जागा दिली होती. मोजणी होऊन दगड रोवले गेले होते. गावातल्या काहींना ते सलत होतं. एका भर दुपारी, वस्तीतली हातीपायी धड माणसं रस्त्याच्या कामावर गेली असताना, झोपड्या पेटल्या. वैनीचे मामा लिंबाजी लकव्यानं खाटेला खिळलेले होते. त्यांची बायको काशीमामी ओढ्याला पाण्याला गेली होती. ती घागर घेऊन वर चढली तेव्हा झोपड्यांच्या मागून माणसं बाहेर पडताना तिनं बघितली. एकाच्या हातात डबा होता. त्यांच्यातला एक वळून तिच्याकडं बघून गेला. ती त्याला लहानपणापासून ओळखत होती. मग धूर वर आला. ती धावली, पण...

निरोप आला तसे आम्ही एका लॉरीनं निघालो. वैनीला सावरायला मी सोबत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामांना मूठमाती दिली. सगळं आवरल्यावर अण्णा काशीमामीसमोर बसले. "मामी, जे बघितलीस तेवढंच सांग. ऐकलेलं सांगू नको." तिनं सांगितलं. त्यांनी परत विचारलं. तिनं तसंच, शब्दाला शब्द, परत सांगितलं. वैनी मधेच ओरडली, "किती येळा इचारायलाव तिला? माणूस गेलाय तिचा!" अण्णा म्हणाले, "उद्या समदे इचारणार हाईत, शेवंता. म्हून मी आधी इचारायलोय."

दुपारी आम्ही हुमनाबादला परतलो. पाकीट पाठवायला वेळ नव्हता, म्हणून अण्णा पोस्टातून सोलापूरला ट्रंककॉल लावायला गेले. मी बरोबर होते. लाइन लागायला फार वेळ गेला, आणि लागली तेव्हा पलीकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. अण्णा अक्षर न् अक्षर ओरडून सांगत होते. पोस्टातली माणसं हातातलं काम सोडून ऐकत होती. "गायरानाच्या वादातून वस्तीला आग लावली. न्हाई, न्हाई... लावली! ला-व-ली! लसणातला ल, वांग्यातला व! वांग्यातला!" खिडकीपलीकडचा कारकून वांगं ऐकून हसला, मग अण्णांचा चेहरा बघून गप्प झाला. फोन खाली ठेवला तेव्हा अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. मला म्हणाले, "ऐकलाव न्हवं, अक्का? बराबर सांगितलो ना मी?" मी म्हटलं, "बरोबर सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला. अण्णांनी सुतळी तोडली, पान उलटलं, आणि बातमी सापडल्यावर ते बाकावर बसले. मी शाळेतून येता येता त्यांच्यापाशी थांबले. आतल्या पानावर, तळाला, दोनच वाक्यं होती. वस्तीला दुपारी आग लागली. एका वृद्धाचा होरपळून मृत्यू झाला. वर बारीक टाइपात, 'आमच्या वार्ताहराकडून'. गायरानाचं नाव नाही, बाहेर पडलेल्या माणसांचा उल्लेख नाही. एका माणसानं नेहमीच्या सवयीनं लांबून विचारलं, "अण्णा, लागली का?" अण्णांनी मान वर केली आणि त्याच्याकडं असं बघितलं, की तो माणूस टपरीपर्यंत आलाच नाही. तो गठ्ठा त्यांनी विकला नाही. पण पेपर काय एकाच टपरीवर येतो थोडाच!

मामांच्या जलदानविधीला आम्ही गेलो, तोवर वस्तीत सगळ्यांना कळलं होतं. एरवी अण्णा आले की पोरं सायकलभोवती जमायची. त्या दिवशी कुणी 'या' म्हटलं नाही. काशीमामी जळक्या भिंतीला टेकून बसली होती. "माणिक, तू ल्हिवलास?"

"व्हय, मामी."

"लागली म्हून?"

"मी लावली म्हून सांगितलो, मामी. ओरडून सांगितलो. अक्काला इचार."

"मग मधी कुणी काढलं?"

 वस्तीतला एक जण म्हणाला, "सोयरा असून भ्याला." कुणीच त्याला गप्प केलं नाही.  घरी आल्यावर वैनी चूल पेटवत होती. अण्णा म्हणाले, "चूक असंल, शेवंता. फोनवर ऐकू आलं नसंल." वैनीनं फुंकणी खाली ठेवली आणि त्यांच्याकडं न बघता बोलली. "तुमच्या कागदात आग आपोआप लागत असंल. आमच्या गावात कुणीतरी लावावी लागती."

त्या आठवड्यात अण्णा सोलापूरला जाऊन आले. तिथं काय झालं ते त्यांनी मला अंगणात बसून सांगितलं. फोन घेणारा म्हणाला, लाइन खराब होती, मला 'लागली'च ऐकू आलं. पान लावणारा म्हणाला, जागा नव्हती, खालचा मजकूर कापावा लागला. आणि वरचे साहेब म्हणाले, "अहो, 'लावली' लिहायला पुरावा लागतो. पोलिसांचं म्हणणं लागली असं आहे. कोर्टात लावली ठरू द्या, मग आपण मोठी बातमी लावू." अण्णांनी विचारलं होतं, "मग वर 'आमच्या वार्ताहराकडून' कामून घातलाव?" साहेबांनी चहा मागवला.

"अक्का, तिघं बी खोटं बोलायलेत असं वाटलं असतं तर मी भांडून आलो असतो," अण्णा म्हणाले. "पण तिघं बी मला खरं बोलल्यावानीच दिसले." त्यानंतर त्या दैनिकाला त्यांनी एकही बातमी पाठवली नाही. टपरीवर तो गठ्ठाही ठेवला नाही.

पण ते दोन ओळींचं कात्रण तेवढ्यावर मेलं नाही. काशीमामीच्या जबाबावरून खटला जिल्ह्याच्या कोर्टात उभा राहिला, तेव्हा आरोपींच्या वकिलानं पहिलं काय केलं असेल, तर तेच कात्रण पुढं केलं. मयताचा सोयरा असलेला वार्ताहर, घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, स्वतः लिहितो की आग लागली. मग लावली हे नंतर कुणी शिकवलं? सरकारी वकिलांनी अण्णांना साक्षीला बोलावलं. फोनवर ते काय बोलले ते ऐकणारं कोण, म्हणून माझंही नाव आलं. पोस्टातल्या कारकुनाला काही आठवत नव्हतं. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून घेतलं. "बाई, तुम्ही सरकारी नोकर. पेपरवाल्याचं भांडण पेपरवाल्याला करू द्या. तुम्हाला मराठी शिकवायचंय, तेवढं शिकवा." मी म्हटलं, "सर, एका अक्षराचाच तर प्रश्न आहे. ते मी नाही सांगायचं तर कुणी?"  घरी येऊन अण्णांना हे बोलले नाही. वैनीला बोलले. तिनं माझ्या ताटात गरम भाकरी टाकली आणि म्हणाली, "जाऊ नका म्हनलं तरी तुमी जाणार. मग पोटभर खाऊन जावा."

न्यायाधीश खालच्या कर्नाटकातले होते, त्यांना मराठी येत नव्हतं. दुभाष्यानं कात्रणाचं कन्नड केलं, "बेंकि हत्तितु". आग लागली. अण्णा पिंजऱ्यात उभे राहून शांतपणे सांगत होते, मी असं म्हटलं नाही, मी लावली म्हटलं. वकील पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण छापून काय आलं? तुमच्याच नावानं काय आलं?" अण्णा प्रत्येक वेळी तेच उत्तर देत होते आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा खाली जात होता. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ कन्नडमध्येच बोलले. "हत्तितु अल्ल. हच्चिदरु अंत हेळिदरु." लागली नव्हे, लावली असं ते म्हणाले. आश्चर्य म्हणजे कन्नडमध्येही मुळात तेवढाच फरक, हत्तु आणि हच्चु, एका अक्षराचा. न्यायाधीशांनी लेखणी थांबवून माझ्याकडं बघितलं. क्षणभर मला वाटलं, पोचलं.

पोचलं असेलही... पण डोळ्यांनी बघणारी एकटी काशीमामी, ती नात्यातली, आणि तिला लांबचं किती दिसतं यावर वकिलानं तिला इतकं घोळवलं, की शेवटी ती त्यालाच म्हणाली, "बाबा, तुला कुणी वाचवायला सांगितलंय ते मला दिसायलंय." सगळे सुटले. स्टँडवर कुणीतरी अण्णांना विचारलं, "निकाल लागला म्हणे?" अण्णा म्हणाले, "लागला न्हाई, लावला." 

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेरच्या लिंबाखाली वस्तीतली माणसं बसली होती. आम्ही तिघं जरा अंतर ठेवून उभे होतो. काशीमामी उठली, अण्णांजवळ आली, पदराची गाठ सोडून त्यातली भाकरी मोडून तिनं अर्धी त्यांच्या हातावर ठेवली. "मोठ्यानं बोललास. समद्यायनी ऐकलं." एवढंच. अण्णा ती भाकरी हातात धरून तसेच उभे राहिले. नंतर तिला ते घरीच घेऊन आले. जळकी जागा सोडून ती आधी यायला तयार नव्हती. मग म्हणाली, "येते. पण मला रोज पेपर वाचून दाखवायचास."

मला औरादला बदलीचा हुकूम आला तो त्याच वर्षी. कारण कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. औरादहून पुढं कलबुर्गीला. पण दर सुट्टीला मी हुमनाबादच्या त्या खोलीत जाऊन राहायचे, वैनीनं ती दुसऱ्या कुणाला दिली नाही. अण्णांचं काय झालं ते त्यामुळं मला तुकड्यातुकड्यानं दिसत गेलं. घरात त्यांनी तो शब्द टाकून दिला होता. दिवा 'आला' म्हणायचे, भूक 'झाली' म्हणायचे. कुठं अडकले की वाक्य मधेच सोडून द्यायचे. कधी बसल्या बसल्या तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, "वांग्यातला..." आणि आम्ही बघतोय हे ध्यानात आलं की खोकायचे. त्यांना झोप येत नव्हती असं वैनी सांगायची. मी एकदा म्हटलं, "अण्णा, तुमचा काय दोष त्यात?" तर म्हणाले, "दोषाचं न्हाई, अक्का. ते अजून माझ्या कानात ओरडायलंय. मलाच ऐकू येतंय, पल्याडच्याला न्हाई."

सकाळचा पेपर मात्र चुकला नाही. पुढच्या खोलीत, उंबऱ्याजवळ काशीमामी भिंतीला टेकून बसायची. अण्णा दुसरा एक पेपर घ्यायला लागले होते, तो ते तिला पहिल्या पानापासून वाचून दाखवायचे. कुठंही आगीची बातमी आली, कडब्याची गंज असो नाही तर गोठा, की काशीमामी मधेच हात वर करायची. "लागली का लावली?" अण्णा म्हणायचे, "कागदात लागली म्हनलंय, मामी. इचारून सांगतो." आणि खरोखर जायचे. सायकलनं जमेल तिथं सायकलनं, लांब असेल तर गाडीनं. सुरुवातीला ते उदगीरच्या एका साप्ताहिकाला लिहीत, पुढं तेही सुटलं, पण जाणं सुटलं नाही. एकदा मी विचारलं, "आता छापायचं नाही, मग कशाला जाता?" म्हणाले, "तिला सांगाया."

बहुतेक आगी खरंच लागलेल्या असायच्या. विजेच्या तारेची, चुलीतल्या निखाऱ्याची. अण्णा येऊन सांगायचे, "ही लागलेलीच, मामी. बघून आलो." काशीमामी मान हलवायची आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलकं व्हायचं. एक-दोनदा तसं नव्हतं. त्या वेळी अण्णा पोलिसात गेले, तलाठ्याकडं गेले, शिव्या खाऊन आले. एका ठिकाणी त्यांच्या सायकलची चाकं कापली, ते चालत आले. वैनी रागानं बोलायची, पण पायाला ऊन पाण्याचा शेकही तीच द्यायची.

गेल्या आठवड्यात मी हुमनाबादला गेले. सकाळी पेपर येऊन दारात पडला. कुणी तो उचलला नाही. काशीमामी भिंतीला टेकून जागेवर बसलेलीच होती. आता तिला जवळजवळ दिसत नाही. वैनी हळूच म्हणाली, "रोज येऊन बसतीया. मला वाचाया येत न्हाई. तुमी वाचा, बाई." मी वाचायला लागले. चौथ्या पानावर मन्नाएखेळ्ळीजवळच्या शेतातली बातमी होती. कडब्याच्या गंजीला आग लागली, गोठा जळाला, बैल होरपळला. मी ती वगळणार होते. पण आवाज अडखळला, आणि तिनं हात वर केला.

"लागली का लावली?"

"पेपरात लागली म्हटलंय, मामी."

ती दाराकडं तोंड करून बसून राहिली. कुणीतरी उठून चपला घालतंय का, ते ऐकत असल्यासारखी. मी पेपर घडी करून ठेवला. मग पिशवी घेतली.

मन्नाएखेळ्ळीला गाडी हमरस्त्यावर उभी राहते. चहाच्या हॉटेलात विचारत विचारत मी शेतापर्यंत चालत गेले. गंजीच्या जागी काळं वर्तुळ उरलं होतं, वास अजून होता. एक बाई बैलाच्या पाठीला तेल लावत होती. शेतकऱ्यानं मला बघून विचारलं, "पेपरवाल्या हाव का?"

"न्हाई. शाळेत शिकवते."

"मग कामून इचारायलाव?"

मी म्हटलं, "आमच्या घरी एक म्हातारी हाय. तिला सांगायचंय."

 "ठिणगी पडली असंल. ऊन बी लई हाय," तो म्हणाला. हे ऐकून त्याच्या बायकोचा बैलावरचा हात थांबला. तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा पलीकडच्या बांधाकडं, आणि तेलाची वाटी घेऊन आत निघून गेली. शेतकरी घाईनं म्हणाला, "लागलीच म्हना की. तसंच बरं हाय."

मी परत आले तेव्हा दिवेलागण होत होती. काशीमामी तिथंच होती. माझी पावलं ओळखून तिनं विचारलं, "इचारलीस?"

"इचारले, मामी. लागली म्हणतो."

"त्याची बायकू काय म्हनली?"

त्याला बायको आहे, हे मी तिला सांगितलं नव्हतं. "काही बोलली न्हाई. उठून आत गेली."

काशीमामीनं पदर सारखा केला. वैनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. आम्हा दोघींकडं न बघता, दाराकडंच तोंड ठेवून म्हातारी म्हणाली, "मग परत जावं लागंल."